लग्न ठरल्याची बातमी कुणी सांगायची?

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धरामेश्वरांचा अक्षता सोहळा होतो. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्यावर एका कुंभारकन्येचं मन जडलं. त्यांनी लग्नाला नकार दिला, पण आपल्या योगदंडाशी विवाह करायची मुभा दिली, अशी कथा आहे. तोच विवाह दरवर्षी नव्यानं लागतो. सात नंदीध्वज मिरवत तळ्याकाठी येतात, बाराबंदी घातलेल्या माणसांनी परिसर पांढरा होतो. संमती कट्ट्यावर संमतीचं वाचन होतं, 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' असा उच्चार होतो आणि हजारो हातांतून अक्षता उडतात. लहानपणी मी घाईनं मूठ उघडायला जायचो, तर आजी मनगट धरून ठेवायची. "संमती होऊ दे की रे आधी."

प्रसिद्ध माणसांची प्रेमं, लग्नं, काडीमोड यांवर आपण फोनवर जे बोट फिरवत असतो, त्याचा विचार करताना मला आजीची ती पकड आठवते. फोनवर मात्र अक्षता आधी पडतात. संमती कुणी विचारलेलीच नसते. असं का होतं, त्यामागे कोणतं यंत्र चालतं, कायदा कुठपर्यंत पोहोचतो आणि सोलापूरच्या नवी पेठेत साडी घ्यायला गेलेल्या मुलीचा याच्याशी काय संबंध, हे मला नीट उलगडून सांगायचं आहे.

आधी साडीची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी माझ्या भाचीचं लग्न ठरलं. (हा मजकूर तिला वाचून दाखवला, तिनं हो म्हटलं, काही खुणा तिच्या सांगण्यावरून गाळल्या.) मुलाच्या थोरल्या बहिणीचं अजून जमत नव्हतं. ती रविवारी पुण्याहून येणार होती. तिला समोर बसवून आधी सांगायचं आणि मग बाकीच्यांना, असं दोघांनी ठरवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी दोघं साखरपुड्याची साडी नुसती बघून येऊ म्हणून एका दुकानात गेली. गादीवर साड्या उलगडल्या, भाचीनं एक पदर खांद्यावर घेतला, शेजारी बसलेल्या मुलानं मान डोलावली. दुकानातल्या पोरानं फोन धरलेला तिला दिसला होता. ती त्याच्याकडे बघून हसलीही. रात्री ते रील दुकानाच्या पानावर आलं, खाली लिहिलेलं 'नवरीची पसंती'. शनिवारी सकाळी पुण्यात त्या बहिणीला तिच्या मैत्रिणीनं तेच रील पाठवलं: "अगं, हा तुझा भाऊ ना?"

रविवारी ती आली नाही.

दुकानदार वाईट माणूस नव्हता. फोन केल्याबरोबर त्यानं रील काढलं, माफी मागितली. पण तोवर ते दोन मावश्यांच्या स्टेटसला लागलं होतं. भाची मला म्हणाली, "मामा, मी हसले हे खरंय. पण मी त्या पोराकडे बघून हसले. सगळ्या गावाकडे बघून नाही हसले."

नटनट्या आणि क्रिकेटपटूंच्या खासगीपणावर जेवढा वाद चालतो, त्याचा गाभा भाचीच्या या वाक्यात आहे. त्यांच्याबद्दल आपण काय म्हणतो? "त्यांनीच फोटोवाले बोलावलेले असतात." यात तथ्य आहे. मुंबईत विमानतळाबाहेर, जिमबाहेर, वांद्र्याच्या हॉटेलांबाहेर जे छायाचित्रकार उभे असतात, त्यांच्यापैकी अनेकांना कलाकारांच्या प्रसिद्धी सांभाळणाऱ्या लोकांकडूनच वेळ कळवली जाते. चित्रपट येणार असला की जोडी एकत्र दिसावी, असंही ठरवून होतं. दोन्ही बाजूंचं पोट त्यावर चालतं.

पण संमती ही जागेला, वेळेला आणि माणसाला बांधलेली असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट्ट आपल्या घराच्या दिवाणखान्यात बसली असताना शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून तिचे फोटो काढले गेले आणि छापले गेले. तिनं मुंबई पोलिसांना उद्देशून जाहीरपणे विचारलं की हे कोणत्या जगात चालतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्थच्या हॉटेलात विराट कोहली खोलीत नसताना कुणीतरी आत जाऊन त्याच्या सामानाचा, बुटांचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला. हॉटेलनं नंतर माफी मागितली. त्याच्या आणि अनुष्का शर्माच्या मुलीचं उदाहरण मला सगळ्यांत स्पष्ट वाटतं. जानेवारी २०२१ मध्ये ती जन्मली तेव्हा दोघांनी छायाचित्रकारांना विनंती केली होती की तिचे फोटो काढू नका. पुष्कळांनी ती पाळलीही. मग जानेवारी २०२२ मध्ये केपटाऊनच्या सामन्यात कॅमेरा प्रेक्षागृहाकडे वळला आणि आईच्या कडेवरची ती एका वर्षाची पोर देशभर दिसली. आईबापांनी पुन्हा सांगितलं, आमचं मत बदललेलं नाही. मैदानात कोहलीला बघायला आपण सगळेच तिकीट काढतो, त्या तिकिटात त्याचं लेकरू येत नाही.

आता त्या यंत्राकडे येऊ, कारण कॅमेरा हा त्याचा फक्त एक भाग आहे.

सोलापुरी चादर मागावर विणताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे पटकन कळेल. मागाच्या वर जॅकार्ड बसवलेलं असतं, त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. एका पुठ्ठ्यावर कुठे भोक आहे, त्यावरून ताण्यातले कोणते धागे वर उचलायचे ते ठरतं, मग मधून बाणा जातो. एक पुठ्ठा हातात घेऊन बघा, काही अर्थ लागत नाही. माळ पूर्ण फिरली की चादरीवर मोर उमटतो. (पुढे संगणकांच्या सुरुवातीच्या काळात माहिती भरायला हीच भोकांच्या कार्डांची युक्ती वापरली गेली. ज्या शहरानं पिढ्यान्‌पिढ्या जॅकार्ड चालवलं, त्याला माहितीच्या विणकामाची धास्ती इतरांआधी कळायला हवी असं मला मनापासून वाटतं.)

खासगीपणा आज असा जातो. कुणी तिजोरी फोडत नाही. उघड्यावर पडलेली, एकटी असताना निरर्थक वाटणारी भोकं एका माळेत ओवली जातात. नटीनं गोव्याच्या खिडकीतून समुद्राचा फोटो टाकला. दोन दिवसांनी नटानं कॉफीच्या कपाचा टाकला. कुणीतरी दोन्ही फोटोंतल्या खिडकीची चौकट, पडद्याचा रंग, टेबलावरचा ओरखडा जुळवतो. दोघांपैकी कुणीही काही सांगितलेलं नसतं. फोनच्या मूळ फोटोत वेळ आणि चालू ठेवलं असेल तर ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ही दडलेली माहिती गळून पडते, पण तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर सोबत जाते. हा फरक फार थोड्यांना माहीत असतो.

२०१९ मध्ये जपानमध्ये एका तरुण गायिकेचा माग काढून तिच्यावर हल्ला करणारा माणूस पकडला गेला. तिच्या सेल्फीत तिच्याच डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये रेल्वे स्थानकाचं प्रतिबिंब पडलं होतं. त्यानं ते मोठं करून, इंटरनेटवरच्या रस्त्यांच्या चित्रांशी ताडून स्थानक ओळखलं आणि तिथे जाऊन तिची वाट पाहिली. तो स्वतःला तिचा चाहता म्हणवत होता.

श्रीमंत माणसं पैशानं यातून सुटतात असंही नाही. विमानं सुरक्षिततेसाठी आपली जागा, उंची, वेग सतत रेडिओवरून सांगत असतात, आणि साधा स्वस्त रिसीव्हर घेऊन ते कुणालाही ऐकता येतं. आकाशात टक्कर होऊ नये म्हणून उभी केलेली ही उत्तम व्यवस्था आहे. पण याच माहितीवरून अमेरिकेतला एक महाविद्यालयीन मुलगा गायिका टेलर स्विफ्टचं खासगी विमान कधी कुठे उतरलं ते जाहीर करत होता, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिच्या वकिलांना त्याला नोटीस पाठवावी लागली. त्या काळात ती कोणत्या खेळाडूच्या सामन्याला निघाली आहे हे अर्ध्या जगाला विमानाच्या रेघेवरून कळत होतं. माहिती एका कामासाठी दिली आणि दुसऱ्याच कामाला लागली, एवढी ही साधी गोष्ट आहे. शेतकऱ्यानं विहिरीसाठी दिलेला सातबारा कुणी भलत्याच व्यवहारात जोडला तर आपण लगेच ओरडू. इथे ओरडावंसं वाटत नाही, कारण समोर नटी असते.

मग हे सगळं आपल्या फोनवर इतकं का येतं? फोनवरची ही अॅप्स आपण कशावर किती वेळ थांबलो ते मोजतात. जेवढा वेळ थांबू तेवढ्या जाहिराती दिसतात, तेवढे पैसे. आणि माणूस सगळ्यांत जास्त थांबतो अर्धवट गोष्टीवर. 'त्यांचं लग्न झालं' ही बातमी एकदा वाचून संपते. 'त्यांच्यात काही बिनसलंय का?' ही महिनोन्‌महिने चालते, कारण तिला उत्तर नसतं. तुम्ही रागानं खाली लिहिलंत, "यांना जगू द्या," तरी यंत्राच्या हिशेबात तो एक प्रतिसादच. ते रील आणखी चार जणांना दाखवतं. म्हणून सहानुभूतीनं केलेली चर्चासुद्धा त्या माणसाला वाचवत नाही. हे मला उशिरा कळलं, आणि तेव्हापासून मी अशा ठिकाणी लिहिणं बंद केलं.

यात गप्प राहण्याची सोयही उरत नाही. फोटो टाकला तर बातमी, काढला तर बातमी. एकानं दुसऱ्याला अनफॉलो केलं तर बातमी. वाढदिवसाला शुभेच्छा दिल्या नाहीत तर त्याचे व्हिडिओ. पूर्वी अफवा पसरली तर माणूस चार दिवस तोंड मिटून बसायचा आणि ती विझायची. आता त्याचं मिटलेलं तोंडही कुणीतरी पुरावा म्हणून दाखवतं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये 'सैराट' आला आणि अकलूजची रिंकू राजगुरू हे नाव घराघरांत गेलं. ती तेव्हा शाळकरी पोर होती. राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाची खास दखल घेतली गेली, जिल्ह्याची मान उंचावली. पण गर्दीमुळे तिला नेहमीसारखं शाळेत जाणं अशक्य झालं, दहावी बाहेरून द्यावी लागली. आणि २०१७ मध्ये निकाल लागला तेव्हा तिचे टक्के देशभरच्या बातम्यांत झळकले. तो आकडा मला पाठ आहे, तुमच्यापैकीही अनेकांना असेल. इथे लिहीत नाही. आपल्या वर्गातल्या कुठल्या पोरीचे टक्के तिला न विचारता असे चौकात लावले तर तिचा बाप शाळेत भांडायला गेला असता.

कायदा काय म्हणतो? ही गोष्ट थोडी सावकाश सांगावी लागेल.

'मला एकटं सोडा' हा हक्क म्हणून पहिल्यांदा ठाशीवपणे मांडला गेला तो १८९० मध्ये, अमेरिकेत, सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांच्या लेखात. त्यांची तक्रार कशाबद्दल होती? झटपट फोटो काढणारे नवे कॅमेरे आणि घराघरांतल्या कुजबुजीवर पोसलेली वर्तमानपत्रं.

आपल्याकडे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ऑटो शंकर या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याच्या आत्मकथेचं प्रकरण आलं. एक तमिळ मासिक ती छापणार होतं. त्या निकालात न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक नागरिकाला स्वतःचा, कुटुंबाचा, लग्नाचा, मातृत्वाचा खासगीपणा जपायचा हक्क आहे, आणि छापलेलं खरं असो की खोटं, संमतीशिवाय छापणारा जबाबदार ठरेल. 'खरं असो की खोटं' हे शब्द महत्त्वाचे. आपल्याला वाटतं, खरं असलं की सांगायला हरकत नाही. भाचीचं लग्न ठरलंय हे शंभर टक्के खरं होतं. न्यायालयानं अपवादही ठेवले: सार्वजनिक दप्तरात नोंदलेली माहिती, सरकारी अधिकाऱ्याचं कामातलं वर्तन, आणि जो स्वतःहून वादात उडी घेतो त्याचं प्रकरण. म्हणजे मंत्र्यानं मेव्हण्याला ठेका दिला तर ते नातं उघड करणं हा पत्रकाराचा धर्म आहे. मंत्र्याची मुलगी कुणाबरोबर चहा पिते, हे त्या अपवादात बसत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यावरून त्याचा खासगीपणा संपत नाही, असंही त्या निकालात आहे. सोलापूरच्या कंबर तलावाच्या काठावर बसलेली जोडपी आणि त्यांचे गुपचूप व्हिडिओ काढून 'बघा आजची पिढी' म्हणून फिरवणारे, दोघांनाही हे ऐकवावंसं वाटतं.

मग २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्यात संमतीची व्याख्या सुंदर आहे: ती दबावाशिवाय दिलेली हवी, ठरावीक कामापुरती हवी, कशासाठी ते समजून दिलेली हवी, आणि देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. साडीच्या दुकानातल्या भाचीच्या हसण्याला ही मोजपट्टी लावली तर ते कुठेच बसत नाही. पण याच कायद्यात एक मोठं दार उघडं आहे. जी माहिती माणसानं स्वतः सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे वर सांगितलेली पुठ्ठ्यांची माळ, ज्यातला प्रत्येक पुठ्ठा नटीनं स्वतः टाकलेला आहे, ती या कायद्याच्या हातून निसटू शकते. एकेका पुठ्ठ्याचा विचार आहे, विणून निघालेल्या मोराचा नाही. या कायद्याची ही बाजू मला फार अपुरी वाटते.

प्रसिद्ध लोक अलीकडे दुसऱ्या वाटेनं न्यायालयात जातात. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूरचं नाव, चेहरा, आवाज, इतकंच काय त्याच्या तोंडचा 'झकास'सुद्धा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला बंदी केली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आशा भोसले यांच्या आवाजाच्या कृत्रिम नकलेविरुद्ध त्यांना संरक्षण दिलं. हे गरजेचं होतं. पण यात राखली जाते ती नावाची आणि आवाजाची किंमत. ज्या मुलीच्या नावाला बाजारात किंमतच नाही, तिच्यापर्यंत ही वाट येत नाही.

आणि झळ तिलाही बसतेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा बनावट व्हिडिओ पसरला, तेव्हा सगळ्यांनी तिच्याबद्दल हळहळ व्यक्त केली. तो चेहरा ज्या शरीरावर चिकटवला होता ते दुसऱ्या एका, सामान्य, ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या स्त्रीचं होतं. तिनं आपला व्हिडिओ आपल्या पानावर टाकला होता, एवढंच. तिला कुणी विचारलं नव्हतं.

किंवा जुलै २०२५ मधला अमेरिकेतला प्रसंग. कोल्डप्ले या बँडच्या कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर एक जोडी दिसली, दोघांनी चटकन तोंडं लपवली. पुढच्या काही दिवसांत अनोळखी लोकांनी त्यांची नावं, कंपनी, पदं, घरची माणसं शोधून काढली. दोघांची पदं गेली. ती दोघं चुकली की नाही, हा त्यांच्या घरचा आणि कंपनीचा प्रश्न होता. पण त्यांच्याजवळ उभी असलेली म्हणून भलत्याच एका स्त्रीचं नाव फिरलं, आणि ती तिथे नव्हतीच, असा खुलासा कंपनीला करावा लागला. सेलिब्रिटी व्हायला आता काही करावं लागत नाही. पंधरा सेकंद पुरतात.

असं कुणावर ओढवलं तर काय करता येतं, तेही सांगतो. कुणाच्या गुप्तांगांचे फोटो संमतीशिवाय काढणं वा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रीच्या खासगी क्षणांवर चोरून नजर ठेवणं आणि ते टिपणं याबद्दल आहे, कलम ७८ पाठलागाबद्दल, आणि त्यात इंटरनेटवरच्या तिच्या हालचालींवर पाळत ठेवणंही येतं. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या करता येते. पोस्ट काढायला लावण्याआधी तिचा स्क्रीनशॉट आणि दुवा जपून ठेवा, नाहीतर पुरावाच उरत नाही. आणि 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा लक्षात असू द्या. खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा बनतो, फोटो कुठे जात नाही, फक्त ठसा मोठ्या कंपन्यांकडे जातो आणि तसाच फोटो कुणी टाकला तर त्यांना तो ओळखता येतो. ब्लॅकमेलला घाबरून रात्र रात्र जागणाऱ्या मुलींना हे माहीत असलं पाहिजे, आणि मुलांनाही.

पण साडीच्या रीलवर यातलं एकही कलम लागत नाही. तिथे कुणी गुन्हा केला नव्हता. एक पोरगा, एक फोन, एक हसू, दोन मावश्या.

भाची आठवड्यानं एकटी पुण्याला गेली. होणाऱ्या नणंदेसमोर बसून तिनं सगळं सांगितलं, रील कसं निघालं तेही. दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. लग्नाच्या दिवशी नणंद सकाळपासून मांडवात होती. अक्षतांचं ताट तिच्याच हातात होतं.

लग्नाचा फोटोग्राफर शेवटी भाचीपाशी आला आणि म्हणाला, "ताई, आमच्या पानावर टाकायला दोन-चार फोटो घेऊ का?" तिनं त्याचा कॅमेरा हातात घेतला, बराच वेळ एकेक फोटो पुढे सरकवत राहिली. मग मेंदीच्या हातांचा एक दाखवला, चेहरे नसलेला. "हा चालेल," म्हणाली, आणि नणंदेला हाक मारली, तिलाही विचारायला.